सीपीआरला न्या की सीपीआर द्या?

आमच्या वर्गातला पहिला प्रश्न ठरलेला असतो. बसल्या जागी एखादा माणूस कोसळला, हाक मारली तर ओ देत नाही, छाती हलत नाही. पहिलं काय कराल? शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या हॉलमध्ये मी हा प्रश्न टाकला तेव्हा तीसेक पोरांनी एका सुरात उत्तर दिलं, "सीपीआर!" मला वाटलं, चला, निम्मं काम झालं. मग विचारलं, "सीपीआर म्हणजे नेमकं काय करायचं?" पुढच्या रांगेतला एक दांडगा पोरगा उठला. "काय करायचं म्हंजे? उचलायचा, रिक्षात घालायचा आणि थेट सीपीआर. दहा मिनटांत पोचतोय की!"

बाहेरगावच्या वाचकांना यातली गंमत सांगायला हवी. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय हे आमच्या जिल्ह्याचं मोठं सरकारी रुग्णालय. त्याचं पूर्ण नाव कोणी घेत नाही, सगळं गाव त्याला सीपीआर म्हणतं. साप चावला, सीपीआर. गाडीवरून पडला, सीपीआर. रिक्षावाल्याला एवढंच सांगितलं की तो पुढचं काही विचारत नाही. जगभर ज्या तीन अक्षरांचा अर्थ 'इथंच थांब आणि छाती दाब' असा होतो, त्याच तीन अक्षरांचा अर्थ कोल्हापुरात 'उचल आणि पळ' असा होतो. पहिली काही वर्षं मी हा योगायोग विनोद म्हणून सांगायचे. आता सांगत नाही. आमची सगळी अडचण त्या दोन शब्दांत आहे: द्या आणि न्या.

मी तीस वर्षं अतिदक्षता विभागात नर्स होते, खासगी दवाखान्यांत. निवृत्त झाल्यावर तालमी, महिला मंडळं, सोसायट्या, एमआयडीसीतले कारखाने असं फिरून छातीवर दाब कसा द्यायचा ते शिकवते. सगळे मला सिस्टर म्हणतात. (आम्ही कोल्हापूरच्या बायका घरात 'मी आलो', 'मी जातो' असंच बोलतो. लेख आहे म्हणून इथं जरा सांभाळून लिहिते.) इतके वर्ग घेऊन माझं मत असं झालं आहे की आपण नवशिक्यांना फार शिकवतो, आणि जे शिकवायला हवं तेच राहून जातं.

आधी 'न्या'ची बाजू मांडते, कारण तो शब्द नेहमी चुकीचा नसतो. हृदयविकाराचा झटका आणि हृदय बंद पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झटक्यात हृदयाची एखादी रक्तवाहिनी तुंबते, पण हृदय चालू असतं. माणूस बोलतो, छातीत दाटल्यासारखं होतंय म्हणतो, घामाने भिजतो, "ॲसिडिटी असंल" म्हणून सोडा मागतो. त्याच्या छातीवर दाबायचं नाही. त्याला चालवायचं नाही, जिना उतरायला लावायचा नाही, लवकरात लवकर दवाखान्यात न्यायचं. तिथं पेठेतल्या पोराचं उत्तर शंभर टक्के बरोबर. पण हृदय बंद पडलं की गोष्ट बदलते. माणूस बेशुद्ध असतो, श्वास थांबलेला असतो, आणि मेंदूला रक्त पोचवणारा पंप शरीरात उरलेला नसतो. तो पंप तुमचे दोन हात. ते छातीवर नसतील तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी उतरत जाते. चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते.

आता पेठेतल्या घराचा जिना डोळ्यांपुढे आणा. अरुंद, अंधारा, मधे वळण, कठड्याला बांधलेली दोरी. वरच्या मजल्यावर माणूस कोसळला. आरडाओरड, शेजारचे चौघे जमले, एकाने काखेत हात घातले, दुसऱ्याने पाय धरले, वळणावर अडकले, खाली आणलं, रिक्षा वळवून घेतली, मागच्या सीटवर दोघांच्या मधे त्याला बसवलं. मान छातीवर पडलेली. सीट मऊ, माणूस दुमडलेला. तिथं दाबणार कुठं? रुग्णालय दहा मिनिटांवर आहे हे खरं, पण त्या दहा मिनिटांत त्याच्या मेंदूला रक्ताचा थेंब मिळालेला नसतो. रुग्णालय जवळ असणं हा एरवी केवढा आधार. पण या एका प्रसंगात तोच आधार माणसाला उचलायला लावतो. गगनबावड्याच्या एखाद्या वाडीतल्या माणसाला निदान माहीत असतं की गाडी यायला वेळ लागणार. शहरातल्याला वाटतं, आत्ता पोचू.

म्हणून माझ्या वर्गात पहिला धडा दाबण्याचा नसतो, न उचलण्याचा असतो. जमिनीवर सपाट झोपवा, कॉटवर असेल तर खाली घ्या, तिथंच गुडघे टेका. एकाला बोट दाखवून, नाव घेऊन सांगा, "संतू, तू १०८ ला फोन लाव आणि स्पीकरवर ठेव." 'कोणीतरी फोन करा' म्हटलं की कोणीच करत नाही, सगळ्यांना वाटतं दुसऱ्याने केला. आणि दाबायला लागा.

हे इतकं साधं आहे, तर आपण ते अवघड का करून ठेवलं?

१९६० साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधल्या तिघांनी, कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी, एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. तोवर बंद पडलेलं हृदय चालू करायचं तर छाती उघडून हातात धरून चोळावं लागे, म्हणजे शस्त्रक्रियागृहाच्या बाहेर ते अशक्यच. या तिघांनी दाखवलं की छाती न उघडता, बाहेरून दाबूनही रक्त फिरतं. कोणालाही, कुठंही हे करता येईल, लागतात ते फक्त दोन हात, असं त्यांनी त्यात लिहून ठेवलं. कौवेनहोवेन डॉक्टर नव्हते, विजेचे अभियंते होते. मला ही गोष्ट फार आवडते. पहिल्या दिवसापासून ही विद्या डॉक्टरांच्या मालकीची नव्हती.

पुढे त्या दोन हातांवर आपणच नाड्या, श्वास, क्रम, गुणोत्तरं चढवत गेलो, आणि नंतर जगातल्या तज्ज्ञांना एकेक उतरवून ठेवावं लागलं. २००० साली सामान्य माणसाने नाडी बघायची नाही असं ठरलं, कारण घाबरलेल्या माणसाला स्वतःचीच नाडी सापडते किंवा असलेली सापडत नाही. (आम्हा नर्सांनाही घाईत सापडत नाही, हे मी इथं कबूल करते.) २००८ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने सांगितलं की डोळ्यांदेखत मोठा माणूस कोसळला आणि बघणारा शिकलेला नसेल, तर तोंडाने श्वास देऊ नका, नुसते दाब द्या. २०१० साली क्रमच उलटा केला: आधी छाती, मग श्वासाचं. आपल्याकडे २०१७ साली भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने भारतीय परिस्थितीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं निघाली, त्यांत सामान्य माणसासाठी फक्त दाबच ठेवले आहेत. सामान्य माणसाच्या बाबतीतला हा इतिहास गाळत जाण्याचा आहे. आपल्या शिबिरांपर्यंत तो पोचलेला दिसत नाही.

शिबिरांबद्दल बोलायलाच हवं. गेल्या वर्षी एका संस्थेच्या शिबिराला मला बोलावलं होतं. दोनशे खुर्च्या, बाहेर फ्लेक्स, फ्लेक्सवर अकरा चेहरे. पाहुणे सव्वा तास उशिरा आले. दीपप्रज्वलन, फेटे, शाल-श्रीफळ, मनोगत, मग पडद्यावर हृदयाच्या चार कप्प्यांचं चित्र आणि कुठल्या झडपेतून रक्त कुठं जातं ते. दोनशे माणसांत दाबायच्या सरावासाठी बाहुला एक. मी मोजलं: बाहुल्याला प्रत्यक्ष हात लावला तो अकराजणांनी, त्यांतल्या चौघांनी फोटोसाठी. जाताना सगळ्यांना प्रमाणपत्र. दोनशे प्रशिक्षित नागरिक झाले म्हणून दुसऱ्या दिवशी बातमी आली.

मोठ्या पातळीवरही हेच. ६ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारने देशभर एकाच दिवशी सीपीआरची जागृती केली, आणि २० लाखांवर लोक त्यात सहभागी झाल्याचं सांगितलं गेलं. हेतूबद्दल मला शंका नाही, आनंदच आहे. पण त्यांतल्या कितीजणांच्या तळहाताला छातीचा कडकपणा कळला? पोहणं बघून येत नाही, भाकरी बघून येत नाही, आणि हेही बघून येत नाही. शिकलेलं सुद्धा तीन-सहा महिन्यांत हातातून निसटायला लागतं, हे वारंवार दिसून आलं आहे; आणि आपण भिंतीवर लावायला दोन-दोन वर्षांची प्रमाणपत्रं वाटतो.

तर माझा वर्ग पाऊण तासाचा. झडपा नाहीत, पडदा नाही, प्रमाणपत्र नाही. प्रत्येकाने घाम येईपर्यंत दाबायचं, हीच फी. तळहाताचा मनगटालगतचा भाग छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या निम्म्या भागावर. दुसरा हात त्यावर. कोपरं ताठ. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पुरती वर येऊ द्यायची. तालमीतल्या पोरांना कोपराचं पटकन कळतं. जोर काढताना वरच्या टोकाला हात जसे ताठ असतात तसे ठेवा म्हटलं की झालं. त्यांचा दोष उलटा: ते दाबून धरतात, सोडतच नाहीत, कुस्तीत पकड सोडायची नसते ना. महिला मंडळात तळहाताचं सांगावंच लागत नाही. "भाकरीचं पीठ कशानं मळता?" एवढं विचारलं की बायका परातीतला तो हात आपोआप पुढे करतात. मंगळवार पेठेतल्या एक मावशी, सत्तरीच्या आत-बाहेर, बाहुल्यावर बसल्या त्या थांबेचनात. "मी दाबतो की अजून, तुम्ही मोजा," म्हणाल्या.

बाहुला घेण्याइतके पैसे नसतील तर दप्तर आणि घट्ट उशी चालते. पण माझा आग्रह बाहुल्याचा आहे, आणि तालीम मंडळांना मी स्पष्टच सांगते की एका रात्रीच्या डॉल्बीच्या भाड्यात दोन-चार बाहुले येतील आणि पंधरा वर्षं टिकतील. यावर हशा होतो. बाहुला अजून कोणी घेतलेला नाही.

आमच्या बाहुल्याला पोरांनी 'आबा' असं नाव पाडलं आहे. नुसतं धड, हात-पाय नाहीत, छाती सपाट, चेहरा पुरुषाचा. या 'आबा'चा पूर्वज मात्र बाई होती. १९६० च्या सुमाराला नॉर्वेतल्या लेर्डाल नावाच्या खेळणी बनवणाऱ्या माणसाने पहिला बाहुला घडवला, त्याला पॅरिसच्या सीन नदीत बुडालेल्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या एका अनाम तरुणीचा चेहरा दिला. पुरुषाच्या बाहुल्याच्या तोंडाला तोंड लावायला लोक कचरतील असं त्याला वाटलं होतं. आज बहुतेक बाहुले सपाट छातीचे आहेत आणि कचरणं दुसऱ्या बाजूला गेलं आहे. अमेरिकेतल्या पाहण्यांत दिसलं की सार्वजनिक जागी कोसळलेल्या बाईला अनोळखी माणसाकडून दाब मिळण्याची शक्यता पुरुषापेक्षा कमी. आपल्याकडे काय होत असेल ते सांगायला पाहणी लागत नाही. भर महाद्वार रोडवर बाई पडली तर पुरुष गोल करून उभे राहतील आणि 'अहो, कोणीतरी बाईमाणूस बघा' म्हणत दोन मिनिटं घालवतील.

म्हणून एका वर्गात आम्ही आबाला साडी नेसवली. गळ्यात खोटं मंगळसूत्र घातलं. पदर बाजूला करायचा, मंगळसूत्र खांद्याकडे सरकवायचं, दाबायची जागा तीच, ब्लाउज काढायची गरज नाही. पहिली पाच मिनिटं नुसता खिदळण्याचा आवाज होता. मग एक कॉलेजचा पोरगा गंभीर होऊन पुढे आला आणि म्हणाला, "आई असली तर मी थांबणार हाय काय?" त्याने दाबलं. त्याच्यामागे रांग लागली. साडीचा हा धडा मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडला नव्हता, पण आता तो मी सोडत नाही.

कारण खरा अडथळा ज्ञानाचा नाही, परवानगीचा आहे. ज्या देशांत नोंदी नीट ठेवल्या जातात तिथं दिसतं की हृदय बंद पडण्याच्या दहांपैकी सातेक घटना घरात घडतात. घरात म्हणजे आपल्याकडे कोणासमोर? दुपारी अकरा वाजता पुरुष कामाला, मुलं शाळेत, सासरे पेपर वाचता वाचता कलंडले, घरात सून एकटी. शिबिराला जातो तो सुरक्षारक्षक, कारखान्याचा सेफ्टी ऑफिसर, एनएसएसचा स्वयंसेवक. सून जात नाही. एका वर्गात एकीने मला विचारलं, "मामंजींच्या छातीवर हात कसा ठेवायचा, सिस्टर? उद्या काय झालं तर म्हणतील, हिनंच दाबून मारलं." हा प्रश्न कुठल्या पडद्यावरच्या चित्राने सुटत नाही. त्या दिवसापासून मी घरांना सांगते, वर्गाला सून आणि सासू-सासरे एकत्र या. सासऱ्यांनी सगळ्यांदेखत म्हणायचं, "मला काय झालं तर हिनं दाबायचं." एकदा तो शब्द मोठ्याने उच्चारला गेला की मग पुढचं शिकवणं दहा मिनिटांचं काम.

रस्त्यावरच्या माणसाला घराची नाही, पोलिसांची भीती. तिथं निदान कायदा पाठीशी आहे. मार्च २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलम आलं: अपघातातल्या जखमीला सद्हेतूने मदत केली तर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होणार नाही, नाव-पत्ता देण्याची सक्ती नाही. पण ते कलम मोटार अपघातापुरतं आहे. रंकाळ्यावर फिरताना कोसळलेल्या माणसाला, अंबाबाईच्या रांगेत कोसळलेल्या बाईला मदत करणाऱ्याचा उल्लेख त्यात नाही. हे संरक्षण सगळ्याच आकस्मिक प्रसंगांना स्पष्ट शब्दांत लागू करावं, ही मागणी मोठी नाही. खर्चाची तर अजिबात नाही.

आता माझ्यावरचा आक्षेप. एक ज्येष्ठ डॉक्टर, ज्यांच्या हाताखाली मी कामाला होते आणि ज्यांचा शब्द मी आजही खाली पडू देत नाही, ते मला म्हणाले, "सिस्टर, अर्ध्या हळकुंडानं पिवळे करताय तुम्ही लोकांना. चक्कर आलेल्याच्या बरगड्या मोडतील." या आक्षेपात तथ्य आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या कितीतरी चित्रफितींत डोळे उघडे असलेल्या, हात हलवणाऱ्या माणसाच्या छातीवर दाबून 'प्राण वाचवले' म्हणून टाळ्या घेतलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यावर उपाय मात्र शिकवणं बंद करण्याचा नाही. खांदे हलवा, मोठ्याने हाक मारा, दहा सेकंद छातीकडे बघा. शुद्ध नाही आणि नीट श्वास नाही, या दोन्ही गोष्टी असतील तरच दाबा. आणि समजा चूक झालीच, तर जिवंत माणूस छातीवर पहिलाच दाब पडताच तुमचा हात झटकेल, शिवी देईल. कोल्हापूरचा असेल तर दोन देईल. योग्य माणसाच्या छातीवर दाबतानाही बरगडी मोडू शकते. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत तर कडकन आवाजच येतो. मोडलेली बरगडी सांधते. न दाबलेल्या माणसाला दुसरी संधी नसते.

'नीट श्वास' हा शब्द मात्र मी मुद्दाम वापरला, आणि पाऊण तासातली दहा मिनिटं मी त्यावरच घालवते. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं पुष्कळ जणांना मधूनमधून श्वासासारखं काहीतरी येतं. तोंड उघडतं, मान ताणली जाते, घोरल्यासारखा आवाज होतो, मग बराच वेळ काही नाही. इंग्रजीतल्या पुस्तकाला त्यासाठी मोठा शब्द लागतो. आपल्याकडे तो आजीच्या तोंडी आहे. आचके. आचके देतोय म्हटलं की आपल्या घरांत काय होतं? कोणीतरी तोंडात पाणी घालतं, कोणी तुळशीचं पान आणायला धावतं, कोणी 'सगळ्यांना बोलवा' म्हणतं. भाषेनेच निकाल देऊन टाकलेला असतो: शेवटचे आचके. सुरुवातीला कधी कधी हात-पायही झटकतात, मग फिट आली म्हणून चप्पल हुंगवतात, कांदा फोडतात, मुठीत किल्ली देतात. आचके हा श्वास नव्हे. आचके दिसले की दाबायला सुरुवात, निरोप घ्यायला नव्हे. माझ्या अख्ख्या वर्गातलं एकच वाक्य कोणाच्या लक्षात राहणार असेल तर ते हे राहावं.

सगळं गाळलं म्हणता, मग तोंडाने श्वास देण्याचं काय? इथं माझी मलाच अडचण होते. पंचगंगेच्या, विहिरींच्या, कॅनॉलच्या मुलखात मी 'नुसतं दाबा' म्हणून मोकळी होऊ शकत नाही. बुडालेल्या माणसाचं हृदय प्राणवायू संपल्यामुळे थांबतं. त्याच्या रक्तात फिरवायला काही उरलेलंच नसतं, म्हणून तिथं श्वास लागतो, आणि तो आधी लागतो. लहान मुलांचंही बहुतेकदा तसंच. पण हे सगळ्यांना एका बैठकीत शिकवायला गेलं की सगळेच गोंधळतात आणि गोंधळलेला माणूस हात बांधून उभा राहतो. म्हणून मी दोन वर्ग करते. सगळ्यांसाठी दाबण्याचा. उन्हाळ्यात पाठीला डबा बांधून विहिरीत पोरांना पोहायला शिकवणारे काका, घाटावर रोज उतरणारे पोहणारे, पुराच्या दिवसांत बोटीवर जाणारी मुलं, यांच्यासाठी श्वासासकट दुसरा, पूर्ण वर्ग. तिथं पहिल्यांदा पुसून टाकावं लागतं ते जुनं शहाणपण: पालथं घालून पोट दाबायचं, पाय धरून उलटं फिरवायचं, पाणी काढायचं. पाणी काढत बसण्यातच मूल जातं.

विजेच्या धक्क्याचं एवढंच सांगते: रात्रपाळीच्या विजेला उसात मोटर चालू करायला गेलेला पंचविशीतला पोरगा स्टार्टरपाशी पडतो, तेव्हा त्याचं हृदय धडधाकट असतं, नुसतं बिघडलेल्या तालात अडकलेलं असतं. आधी मेन स्विच बंद, मगच त्याला हात. पण मग दाबा, आणि दाबत राहा. वाचण्याची संधी असलेली माणसं ही, आणि आमचे वर्ग त्यांच्या गावात सर्वांत कमी होतात. यात माझाही दोष आहे. शहरातल्या शहरात फिरणं सोयीचं पडतं.

शाळांकडे वळते, कारण खरी मागणी तिथं आहे. डेन्मार्कने २००५ साली शाळेत हे शिकवणं कायद्याने बंधनकारक केलं, पाठोपाठ वाहन परवान्यालाही जोडलं. २००१ मध्ये तिथं कोसळलेल्या पाचांतल्या एकाला बघणाऱ्यांकडून दाब मिळत होते. २०१० पर्यंत ते प्रमाण ४५ टक्क्यांच्या घरात गेलं, आणि महिनाभर जगलेल्यांचं प्रमाण साडेतीनवरून दहा-अकरा टक्क्यांवर आलं. सगळं श्रेय शाळांचं नाही. त्या काळात तिथं बाकीही पुष्कळ घडलं, आणि कायदा होऊनही कित्येक शाळांनी तो वर्षानुवर्षं बासनात ठेवला. इंग्लंडने सप्टेंबर २०२० पासून सरकारी शाळांत हे आणलं. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ज्या मोहिमेला पाठिंबा दिला तिचं म्हणणं आहे, बारा वर्षांच्या पुढे वर्षाला दोन तास.

आमच्याकडे दोन तास म्हटलं की मुख्याध्यापक अभ्यासक्रमाची यादी काढून दाखवतात. मी दोन तास मागतच नाही. आठवी आणि नववीला, शाळा उघडल्यावर एक तासिका आणि संक्रांतीनंतर दहा मिनिटांची उजळणी, पीटीच्या तासाला, पीटीच्या सरांनीच घ्यायची. सक्तीने. 'सक्ती' या शब्दाला ज्यांचा आक्षेप आहे त्यांना मी एवढंच विचारते की हे गाव कोणाचं? १९१७ साली शाहू महाराजांनी या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. तो रुपया तेव्हा काय होता हे आपल्या आज्या-पणज्यांना विचारा.

एक गोष्ट शिबिरांत कोणी सांगत नाही, ती मी पहिल्या पाच मिनिटांत सांगते. दाब देऊनही बहुतेक माणसं वाचत नाहीत. वरचा डेन्मार्कचा आकडा पुन्हा वाचा. सगळं नीट केलेल्या देशातही दहांपैकी नऊजण गेले. माझ्या वर्गातल्या एका एकोणीस वर्षांच्या मुलाने शेजारच्या आजोबांना सतरा मिनिटं दाब दिले, गाडी येईपर्यंत. ते गेले. चार दिवसांनी तो माझ्या दारात उभा, डोळे सुजलेले. "माझं काय चुकलं, सिस्टर? कमी पडलं का?" मी त्याला आत घेतलं, चहा दिला आणि त्याच्या हातांकडे बघितलं, तळहाताच्या बुडाला सालं निघाली होती. चूक त्याची नव्हती, माझी होती. वर्गात मी फक्त वाचलेल्यांच्या गोष्टी सांगितल्या होत्या.

६ मे २०२२ ला शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला सकाळी दहा वाजता हे शहर १०० सेकंद जागच्या जागी उभं राहिलं होतं. सिग्नलच्या गाड्या, दुकानांतली गिऱ्हाइकं, सगळे स्तब्ध. तेव्हा मी दसरा चौकाजवळ होते आणि मला पहिल्यांदा कळलं की १०० सेकंद हा केवढा मोठा काळ आहे. त्यानंतर माझ्या प्रत्येक वर्गात मी घड्याळ लावून आबाला मधे ठेवते आणि १०० सेकंदच दाबायला सांगते. पावणेदोनशेच्या आसपास दाब होतात. पहिल्या तीस सेकंदांत चेष्टा-मस्करी चालू असते. साठाला गप्प होतात. ऐंशीला हात कापायला लागतात.

परवा शिवाजी पेठेत तोच दांडगा पोरगा बसला होता, रिक्षात घालायचा म्हणणारा. शंभर झाले तसा तो थांबला आणि घाम पुसत म्हणाला, "गाडी आली?"

"नाही आली."

"मग आता?"

"आता शेजारच्याला जागा दे," मी म्हटलं, आणि शेजारचा गुडघ्यांवर पुढे सरकला.